वसईचा काळा दगड आणि आपली जबाबदारी

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

नुकताच ठाण्याहून जुन्या गोव्याला जाऊन आलो. तिथली बॉम जीझस बॅसिलिका पाहताना आपल्याशी बोलावेसे वाटले.

सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांपुढे रांग असते. पुढे सरकण्याच्या घाईत कलेकडे बघायचे राहून जाते. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीचा राजा तिसरा कोसिमो याने पाठवलेला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याचे ते काम १६९८ मध्ये इथे उभे राहिले. मला मात्र वरची चांदीची पेटी अधिक भावली. १६३६-३७ मध्ये ती गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. संताच्या आयुष्यातले प्रसंग त्यांनी उठावकामात असे उतरवले आहेत की नजर हलत नाही.

मग बाहेर येऊन दर्शनी भिंत पाहिली. १५९४ मध्ये सुरू झालेली ही वास्तू जांभ्याची आहे. जांभ्यात बारीक नक्षी धरत नाही, म्हणून कोरीव कामासाठी काळा दगड आणला, तो आपल्या वसईहून! १९८६ पासून ही वास्तू जागतिक वारसा आहे.

वसई २०१४ पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होती. तिथल्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या चर्चच्या जमिनीत लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. वर छप्पर नाही. पाऊस त्यांच्यावर पडतो आणि येणारेजाणारे त्यावरून चालतात. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर आणलेल्या घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आपण मानाने जपल्या. या शिळाही तितक्याच आपल्या आहेत.

किल्ला केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, हे मी जाणतो. तरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने केंद्राशी बोलून वसई, घोडबंदर आणि ठाण्यातल्या पोर्तुगीजकालीन कोरीव कामाची छायाचित्रांसह मराठी सूची करावी. चर्चमधल्या वेद्या व मूर्तींची नोंद तिथल्या धर्मगुरूंच्या संमतीने व्हावी. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चवरून रोज हजारो ठाणेकर जातात. तिथे इतिहास सांगणारा मराठी फलक हवा.

सुरुवात त्या शिळांपासून करावी. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांवरचे लेख वाचून घ्यावेत आणि त्यांच्याभोवती कठडा बसवावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक ठाणेकर