दुखणं एकच, जागा अनेक

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर ‘सारकॉइडोसिस’ म्हणालो आणि तुम्ही दोघंही गप्प झालात, म्हणून आज सविस्तर लिहितो. हा कॅन्सर नाही, टीबीही नाही, आणि माझ्यापासून कुणाला लागणार नाही. एक्स-रेवर मात्र टीबीचाच संशय येतो. म्हणून श्वासनळीतून दुर्बीण घालून छातीतल्या गाठीचा तुकडा काढला. टीबीचे जंतू त्यात सापडले नाहीत.

आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होऊन बारीक गाठी करतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. दहांतल्या नऊ जणांना त्या फुफ्फुसात किंवा छातीतल्या लसिका ग्रंथींत होतात. माझा कोरडा खोकला आणि जिन्यावर लागणारी धाप त्यातलीच. बाबा, नडगीवरच्या त्या लाल, दुखऱ्या गाठी आठवतात? तुम्ही म्हणालात, कशाला तरी धडकला असशील. त्याही याच आजाराच्या. वर्षभर मी खोकल्याला एक डॉक्टर, पायाला दुसरा, थकव्याला तिसरा करत राहिलो. सगळं एकाला एकत्र सांगितलं असतं तर निदान लवकर झालं असतं, ही रुखरुख आहे.

आई, तुझ्यासाठी एक महत्त्वाचं. कॅल्शियमच्या आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवू नकोस. ‘ड’ जीवनसत्त्वाला शेवटचा, सक्रिय आकार एरवी मूत्रपिंडं देतात, आणि तेही गरजेपुरताच. इथे या गाठीच ते काम करू लागतात आणि त्यांना लगाम नसतो. मग रक्तात कॅल्शियम चढतं, लघवीतून जास्त जातं, मुतखडा होतो. हाडांसाठी म्हणून घेतलेली गोळी मूत्रपिंडाला भोवू शकते. डॉक्टर रक्त तपासून सांगतील तेवढंच घेईन.

डोळे तपासून झाले. आतली सूज कधी काहीच न दुखता नजर नेते, म्हणून त्रास नसतानाही ते दाखवायचे असतात. ईसीजीही काढला, कारण गाठी हृदयात झाल्या तर ठोक्यांची लय बिघडते, माणूस चक्कर येऊन पडू शकतो. माझा ईसीजी नीट आहे. काहींचा चेहरा एका बाजूने लुळा पडतो, तसंही मला काही नाही.

अनेकांचा हा आजार दोन-तीन वर्षांत आपणहून ओसरतो. मला सध्या स्टिरॉइड चालू आहे, डोस हळूहळू उतरवतील. मध्येच बंद करायचं नसतं, तेव्हा कुणी काही सुचवलं तरी मला ते सांगू नका. पुढच्या महिन्यात पुन्हा डोळ्यांची तपासणी आहे. झाली की त्याच संध्याकाळी फोन करतो.

तुमचा,
धाकटा