सुमे, तुझ्या त्या चाचणीच्या गठ्ठ्याबद्दल

प्रिय सुमे,

काल तुझा फोन आला तेव्हा मी दादरहून सुटलेल्या स्लो लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी लटकत होते, त्यामुळे नुसतं हो हो केलं. आता नीट लिहिते. तू म्हणालीस ना, सहावीच्या गणिताचे गुण एक्सेलमध्ये भरले, बेरीज झाली, श्रेणी आली, आता पुढे काय? अगं पण बेरीज केलीस तिथेच अर्धी माहिती गेली. ६२ वाला पण ब-२ आणि ६९ वाली पण ब-२, आणि उद्या वर्गात जाऊन दोघांना काय शिकवायचं ते त्या ब-२ वरून कोणाला कळणार?

मी काय करते, शीटमध्ये एका बाजूला पोरांची नावं, वर प्रश्न क्रमांक, आणि उत्तर चुकलं असेल तिथे शून्य न टाकता पोराने जे लिहिलंय तेच टाकते. सगळ्या पेपरला नाही हां, तेवढा वेळ कोणाला आहे, पॅटचे, म्हणजे त्या सरकारी नियतकालिक चाचणीचे, गुण ऑनलाइन भरता भरताच जीव जातो. दोन-तीन कळीचे प्रश्न घ्यायचे.

दशांश अपूर्णांकाचंच बघ. ०.७ आणि ०.३५ यात मोठी संख्या कोणती? काही पोरं ०.३५ लिहितात, कारण ३५ हे ७ पेक्षा मोठे. हे आपल्याला माहितीये. पण वर्गात दुसऱ्या प्रकारची पोरं पण असतात, त्यांना वाटतं शतांश म्हणजे बारीक तुकडे, म्हणजे दोन आकडेवाली संख्या नेहमी लहानच. ती पोरं ०.७ लिहितात आणि आपण खुशाल बरोबरची खूण करतो! म्हणून शेजारी दुसरी जोडी टाकायची, ०.६२ आणि ०.४. आता पहिली पोरं बरोबर येतात आणि दुसरी ०.४ लिहून अडकतात. दोघांनाही दोनपैकी एकच गुण, बेरीज सारखी, आणि दुखणं एकदम उलटं.

मग दुसऱ्या दिवशी अख्खा धडा परत घ्यायची गरज नाही. पहिल्या गटाला १०० चौकोनांचा कागद दे, ०.७ रंगव म्हण, ७० चौकोन भरले की चेहरे बघ त्यांचे. दुसऱ्या गटाला ०.६२ फोडायला लाव, ६ दशांश आणि वर २ शतांश, मग ४ दशांशाशी तुलना. ज्यांना जमलंय त्यांनी स्वतः फसव्या जोड्या बनवायच्या. पंधरा-वीस मिनिटांचं काम. आणि गट त्या तासापुरतेच गं, नाहीतर पोरं लगेच ओळखतात 'ढ' चा गट कुठला ते.

एक मात्र कर, एका चुकीवरून निकाल लावू नकोस. घाईत पण चुकतं. जाता-येता तोंडी विचार, 'का रे हे मोठं?' त्याचं उत्तर पेपरपेक्षा जास्त सांगतं, आणि मूल्यमापनाच्या २०१० च्या जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात, जी आठ साधनं दिलीत त्यांत तोंडी काम आहेच की, मग ते नोंदवहीत खरंखुरं लिहायला काय हरकत आहे? आपण मार्चमध्ये बसून 'गणिती क्रिया अचूक करतो' सगळ्यांच्या नावापुढे उतरवतो, त्यापेक्षा 'दशांश अपूर्णांकांची तुलना करताना फक्त आकड्यांची संख्या बघते' ही एक ओळ पुढच्या वर्षीच्या बाईंना कितीतरी उपयोगी.

पालकसभेत तर अजूनच. इथे आई दोन घरची कामं उरकून धावत येते, बाबा शिफ्टवर, हातात जेमतेम तीन मिनिटं. त्यात 'लक्ष देत नाही, सराव वाढवा' ऐकून ती काय करणार, घरी जाऊन पोराला धपाटा घालणार. मागच्या सभेत मी एका आईला म्हटलं, भाजी घ्यायला जाताना हिला सोबत न्या आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावरचा आकडा वाचायला सांगा, ०.३५० जास्त की ०.५? त्या म्हणाल्या, 'बाई, हे मला पण नीट येत नाही, दोघी मिळून बघतो.' रिपोर्ट कार्ड त्यांनी उघडलं पण नाही.

तुझ्या पेपरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, त्यातले कुठले प्रश्न घ्यायचे ते रविवारी फोनवर ठरवू. श्रेण्या भरून टाक तोवर, त्या तर द्याव्याच लागणारेत.

तुझीच,
मनू