व्हरांड्यापर्यंतचा उतार

नागपूर, ५ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

पाडव्याआधीची तिकिटे काढल्याचे दादाने कळवले. दारात येऊन तुम्ही चमकू नये म्हणून आधीच सांगते: व्हरांड्याच्या पायऱ्यांलगत मी स्वतः रॅम्प बांधला आहे आणि तुमचा पलंग वरच्या मजल्यावरून देवघराशेजारच्या खोलीत आणला आहे. दोन्ही गोष्टी तुम्हाला न विचारता केल्या, कारण विचारले असते तर बाबांनी मिस्त्री बोलावायला सांगितले असते आणि आईने खर्च काढला असता.

मिस्त्री तिघे झाले. एक आलाच नाही, दुसऱ्याला एवढे लहान काम परवडत नव्हते, आणि तिसरा सहा फुटांत उतार काढून देतो म्हणाला, कारण स्कूटर चढते तिथे माणूसही चढतो असा त्याचा हिशेब होता. आपला व्हरांडा जमिनीपासून १८ इंच उंच आहे. एक इंच चढाला निदान १२ इंच लांबी हवी, म्हणजे १८ फूट. अंगणात तेवढी सरळ जागा नसल्यामुळे ९ फुटांवर सपाट टप्पा ठेवून रॅम्प वळवला. बाबांना तिथे थांबून दम घेता येईल. त्या वळणावर मोगरा येत होता. आई, तो तोडलेला नाही. मुळांभोवतीच्या मातीसकट विहिरीकडे हलवला आहे आणि त्याला नवी पालवीही फुटली आहे.

डिसेंबरपासूनचे सगळे रविवार यात गेले. सिमेंटची ५० किलोची गोणी मला हलेना, म्हणून ती जागेवरच फोडून घमेल्याने वाहिली. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवली, ३-४-५ फुटांच्या मापाने काटकोन काढला आणि विटा रचायला घेतल्या, त्या मात्र कोरड्याच. दुसऱ्या दिवशी वीट हाताने उचलून आली आणि खालचा मसाला पिठासारखा भुरभुरला, कारण त्यातले पाणी विटेनेच पिऊन टाकले होते. चारही थर काढून, विटा खरवडून, हौदात भिजवून मी पुन्हा रचल्या. तुम्हाला नवल वाटेल, पण हे आपल्या हातून होईल असे मला त्याच संध्याकाळी पहिल्यांदा वाटले, कारण बिघडले कुठे हे कोणी न सांगता मला कळले होते.

बाबा, लहानपणी मी हातोडी उचलली की "दे इकडे, बोटाला लागेल" म्हणत तुम्ही ती काढून घ्यायचात. त्यातली माया तेव्हाही कळत होती. पण त्यामुळे चाळिशी उलटेपर्यंत भिंतीत खिळा ठोकायलासुद्धा मी कोणाची तरी वाट पाहत राहिले. ही तक्रार समजू नका. १९९१ मध्ये घर उभे राहत होते तेव्हा शाळेत जाण्याआधी झारीने भिंतींना पाणी घालण्याचे काम तुम्ही मलाच दिले होते, आणि "भिंतीलाही तहान लागते" हे तुमचे वाक्य मी या वेळी रोज आठवले. काँक्रीटवर ओले बारदान टाकून दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारले, ऑफिसला उशीर झाला तरी. पृष्ठभाग गुळगुळीत ठेवलेला नाही; ओले असतानाच खराट्याने आडवे ओरखडे काढले आहेत, म्हणजे पावसाळ्यात पाय सरकणार नाही. त्यावर टाइल बसवायची सूचना कृपया कोणी करू नये.

कठड्याचे पाइप इतवारीतल्या लोहा ओळीतून आणले. वेल्डिंग माझे नाही, तेवढे कबूल करते. बोल्ट मात्र मीच बसवले. दादाला बाबांच्या काठीची उंची विचारली होती ती याचसाठी. तिच्याच मापाने कठडा ३४ इंचांवर आहे.

खालच्या खोलीत आल्याने तुम्हाला कोपऱ्यात टाकल्यासारखे वाटेल, याची मला खरी धास्ती आहे. पण खिडकीतून फाटक दिसते, कूलरला नवी खस लावली आहे, संडास आठ पावलांवर आहे आणि आईची शिवणयंत्राची जागा उजेडात आहे. वरची खोली तशीच आहे. बाबांचा गुडघा मोकळा झाला की वर जाण्याचे पुढे बघू, तोवर जिना बंद. स्टेशनवर मी येतेच आहे, तेव्हा सामान कोणी उचलायचे नाही. आई, गोळ्यांचा डबा पर्समध्ये ठेव, पेटीत नको. आणि सांडग्यांचे वाळवण या वर्षी मी घालीन, तू खुर्चीवर बसून फक्त चुका काढ.

वळणाजवळच्या भिंतीत थोडा बाक राहिला आहे. बाबा, तो तुमच्या नजरेतून सुटणार नाही हे ठाऊक असल्यामुळे तुमचा ओळंबा पुसून दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवला आहे. खिळाही मीच ठोकला आहे.

तुमची,
चिमी