चौथ्या गाण्याबद्दल

चिऊ,

तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. तुझ्या सहा गाण्यांचे सहा कागद अजून टेबलावरच आहेत, माझ्या लाल खुणांसकट. आईनं ते दोनदा आवरायला घेतले, मी दोन्ही वेळा नको म्हणालो. त्यांचा डेमो, म्हणजे तुमच्या बँडचं कच्चं ध्वनिमुद्रण, दादाकडून मिळाला. त्याला बोलू नकोस, मीच त्याच्या मागे लागलो होतो. काल रात्री हेडफोन लावून सगळा ऐकला, परत ऐकला, आणि मग झोपच येईना म्हणून लिहायला बसलो. फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर मी जरा बरा बोलतो.

एक विचारून टाकतो, म्हणजे पुढं पुन्हा विचारायला नको. तू नीट झोपतेस ना?

आता गाण्यांबद्दल.

त्या संध्याकाळी मी तुझी गाणी प्रुफं वाचावीत तशी वाचली. तू म्हणालीस, "बाबा, हे वाचायचं नसतं, ऐकायचं असतं." मी २०१६चं साहित्याचं नोबेल गीतकार-गायक बॉब डिलनला मिळालं त्याचा दाखला दिला, म्हणजे रॉकच्या शब्दांनाही कवितेचीच कसोटी लावायची, असं माझं म्हणणं होतं. त्यावर तू आइसलँडच्या सिगुर रोस या बँडचं नाव काढलंस. त्यांनी २००२ साली अख्खा अल्बम कुठल्याच भाषेत नसलेल्या बोलांत गायला, त्याला किती मार्क द्याल, असं विचारलंस. मला उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं नाही म्हणून मी चिडलो. चिडून म्हणालो, चौथं गाणं काढून टाक, त्यात दम नाही. तू बॅग उचललीस.

दुसऱ्या गाण्यापासून सुरुवात करतो, कारण तिथं माझं साफ चुकलं. 'जा, जा, जा, जा, थांब.' चार 'जा' आणि एक 'थांब', याला ध्रुवपद म्हणायचं का, असं मी समासात लिहिलं होतं. काल ते ऐकलं. चार 'जा' ड्रमच्या चार ठोक्यांवर पडतात, दर 'जा' आधीच्यापेक्षा मोठा, आणि 'थांब' म्हणताच गिटार, बेस, ड्रम सगळं एकदम बंद. दोन ठोके नुसती शांतता. त्या रिकाम्या जागेत मला जे कळलं ते कागदावर कुठंच नव्हतं. ही मुलगी ज्याला 'जा' म्हणते आहे, तो खरंच निघून गेला तर, या विचारानं तिचा थरकाप होतो आहे. हे सांगायला एखाद्या कवीला दोन कडवी लागली असती. तुम्ही ते न बोलता सांगितलंत. समासातली ओळ मी मागे घेतो.

असं चुकणारा मी काही पहिला बाप नाही. १९६३ साली बीटल्सच्या मॅकार्टनी आणि लेनन यांनी 'शी लव्ह्ज यू' पुरं केलं आणि मॅकार्टनीच्या वडिलांना गाऊन दाखवलं. वडील स्वतः वाजवणारे, तरुणपणी त्यांचा स्वतःचा जॅझ बँड होता. त्यांना गाणं आवडलं, पण त्यातलं 'येऽ, येऽ, येऽ' खटकलं. ही अमेरिकन बोली कशाला, सरळ 'येस, येस, येस' म्हणा की, असं त्यांनी सुचवलं. पोरांनी ऐकलं नाही. तू दोन्ही मोठ्यानं म्हणून बघ. 'येस' म्हटलं की शेवटी 'स' येतो आणि तोंड मिटतं. 'येऽ' उघडं राहतं, श्वास पुरेल तोवर ओढता येतं, आणि समोरच्या हजार माणसांनाही तुमच्याबरोबर ओरडता येतं. वडिलांची भाषा शुद्ध होती, पण पोरांचा कान बरोबर होता. मी त्या वडिलांचा काल बराच वेळ विचार करत होतो. त्यांना पुढं कधी वाटलं असेल का, की बरं झालं माझं ऐकलं नाही?

पहिल्या गाण्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. 'अंधार दाटला, श्वास हा थांबला, रक्ताच्या सागरी सूर्यही बुडाला.' ऐकल्यावरही माझं मत तेच आहे. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि भूतकाळ 'ला'वर संपतो. 'ला'ला 'ला' जुळणं हे यमक तू साधलेलं नाहीस, ते व्याकरणानं तुझ्या पदरात टाकलं आहे. 'श्वास हा' मधला 'हा' तर निव्वळ मात्रा भरायला उभा केलाय. 'अंधार' सात वेळा आहे, 'राख' चार वेळा. हे शब्द तू जगलेली नाहीस, दुसऱ्यांच्या गाण्यांतून ते तुझ्याकडं आलेत. एक करून बघ. 'अंधार'च्या जागी 'काळोख' घाल. गाण्यात काही हलतं? नाही हलत. आता दुसऱ्या गाण्यातल्या 'थांब'च्या जागी 'राहा' घाल. सगळं कोसळतं. चांगल्या शब्दाची मला माहीत असलेली सगळ्यात खात्रीची परीक्षा हीच आहे, आणि ती वाचतानाही लागते, ऐकतानाही.

तिसऱ्या गाण्यात चाल आधी आली आणि शब्द मागून, हे लपत नाही. त्यात कमीपणाही नाही. 'यस्टरडे'ची चाल मॅकार्टनीला झोपेतून उठता उठता सापडली, आणि खरे शब्द मिळेपर्यंत त्या जागी तो 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असं गायचा. गाणं १९६५ साली आलं तेव्हा तिथं त्याच मापाचा, पण गाण्याचा सगळा भार पेलणारा शब्द होता. डमी शब्द घालून मीटर धरून ठेवायला माझी ना नाही. पण रोजच्या रियाजात ते डमी शब्दच तोंडात रुळतात आणि खरे वाटायला लागतात. 'मनाच्या वनात, क्षणाक्षणात' हे तुमचे डमी शब्द आहेत. खरे अजून यायचेत. त्यांची वाट बघायचं सोडू नका, कितीही घाई असली तरी. आणि रात्र रात्र जागून ते येत नाहीत. ते झोप झालेल्या माणसाकडं येतात. जागरणानं काय होतं ते आपण मागच्या वर्षी...

राहू दे. पुन्हा व्याख्यान द्यायला लागलो. माफ कर. विचारणार नाही म्हणालो होतो आणि वळून वळून तिथंच येतोय.

तू पाच वर्षांची असताना या टेबलाखाली बसायचीस. मला प्रुफं पुटपुटत वाचायची सवय, आणि तू खालून माझ्या पुटपुटण्याला चाल लावायचीस. त्या वर्षी माझ्याकडं शब्दकोश होता. 'नपुंसकलिंगी, नपुंसकलिंगी, पाहा, पाहा' हा तुझा पहिला कोरस. अर्थ कळायचं वय नव्हतं, पण 'पाहा'वर जोर कुठं द्यायचा ते तुला बरोबर कळायचं. त्या संध्याकाळी सिगुर रोसच्या प्रश्नाचं उत्तर मला यायला हवं होतं, ते माझ्या पायाशी बसून गात मोठं झालं होतं.

एकदा तू विचारलंस की खोडलेल्या शब्दाखाली बाबा टिंबं का देतात. मी सांगितलं, चुकून खोडला म्हणून. टिंबं दिली की तो शब्द राहतो. मग तू घरभर टिंबं देत सुटलीस. आजोबा गेले त्या वर्षी त्यांच्या फोटोखाली पेन्सिलची टिंबं दिसली. आईनं ती पुसू दिली नाहीत. अजून आहेत.

पाचवं आणि सहावं चांगली आहेत. पाचव्यात 'दिवा'चं तेवढं 'दीवा' होतंय. 'दि' लघु आहे आणि तुमचा सूर नेमका तिथंच लांबतो. आधी एक 'तो' घाल आणि सूर त्याच्यावर टाक, दिवा आपोआप नीट लागेल.

आता चौथं.

चिऊ, मी तुला खोटं सांगितलं. त्या गाण्यात दम नाही असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ओळी वाचतोय, चांगली ओळ आली की माझा हात आपसूक थांबतो. 'किल्ली कुंडीखाली आहे, कुंडी कुठे आठवत नाही.' इथं तो थांबला. अंधार नाही, रक्त नाही, राख नाही. एक किल्ली आणि एक कुंडी, आणि तेवढ्यात माणसाचं सगळं घर हरवलेलं. ही ओळ मी कुठल्याही कवीच्या प्रुफात वाचली असती तर उठून आईला वाचून दाखवली असती. माझ्या मुलीनं लिहिली आहे म्हणून छाती भरून आली, आणि त्याच वेळी ती कुंडी आपल्याच दारातली आहे हे लक्षात आलं.

मग पुढच्या ओळी. 'माझ्या नावाने हाक मारू नका, ती आता इथे राहत नाही.' तिथून मला गाणं दिसेनासं झालं. मला तू दिसलीस, मागच्या वर्षीची, त्या आठ आठवड्यांतली, पडदे ओढून बसलेली. आई दाराबाहेरून हाक मारायची आणि आतून ओ यायची नाही. मी लाल पेन घेऊन अख्ख्या पानावर आडवी रेघ मारली. भीती वाटते म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून दम नाही म्हणालो.

गाण्यातला 'मी' म्हणजे लिहिणारा नव्हे, हे मी तुला शाळेत असताना शिकवलं. रॉकमध्ये तर तो 'मी' सगळ्यांचा. समोर उभी असलेली हजार माणसं एका आवाजात 'मी' म्हणतात आणि प्रत्येकाचा 'मी' वेगळा असतो. लिहिणाराच ज्यात मावतो ते गाणं कच्चं. दुसऱ्याला शिरायला जागा ठेवतं ते पक्कं. तुझ्या चौथ्यात ती जागा आहे. 'ती आता इथे राहत नाही' हे घर सोडून गेलेल्या कुणालाही गाता येईल. कुणाचं माणूस गेलं असेल, त्यालाही. मला हे सगळं कळतं, आणि तरी बाप म्हणून वाचताना त्यातलं काहीच कामाला आलं नाही.

घाबरलेला बाप गाण्यात काय काय ऐकतो, याची एक मोठी गोष्ट आहे. किंग्जमेन नावाच्या अमेरिकन बँडनं १९६३ साली 'लूई लूई' ध्वनिमुद्रित केलं. गायकाचे शब्द नीट लागत नव्हते. पोरं कुजबुजायला लागली की त्यात घाणेरडं काहीतरी आहे, आणि आईबापांना तेच ऐकू यायला लागलं. तक्रारींची पत्रं थेट सरकारकडं गेली. एफबीआय या तिथल्या तपासयंत्रणेनं तपास केला, तबकडी वेगवेगळ्या वेगांनी वाजवून पाहिली, आणि शब्द कळत नाहीत एवढंच शेवटी सांगितलं. मूळ गाण्यात काय आहे? एक खलाशी दूर राहिलेल्या त्याच्या प्रेयसीची आठवण काढतो, बस. मीही काल रात्री तेच केलं. चौथं गाणं वेग कमी करून ऐकलं, एकदा नाही, अकरा वेळा. शब्द ऐकत नव्हतो. तुझा आवाज ऐकत होतो, तो कुठं कापतोय का, श्वास कुठं अर्धा घेतेस. शेवटच्या 'नाही'वर तू थोडी हसल्यासारखी वाटतेस. अकरा वेळा ऐकूनही ते हसू आहे की सूर सुटलाय, हे मला ठरवता आलं नाही.

तू गाणं लिहितेस म्हणजे बरी आहेस, असं आई म्हणते. ज्या आठ आठवड्यांत तू बोलत नव्हतीस त्यांत एक ओळही लिहिली नव्हतीस, असा तिचा हिशेब. मला तो पटतो, दिवसा. रात्री पटत नाही.

तर चौथं काढू नकोस. अल्बममध्ये पहिलं तेच ठेव, माझ्या मते. तुमचा ड्रमवाला शेवटच्या कडव्यात घाई करतो, त्याला जरा थांबायला सांग, 'राहत' आणि 'नाही' यांच्यामध्ये एक ठोका हवा आहे. बाकी एका शब्दालाही हात लावू नकोस. आणि गाण्यातली 'ती' कुठं राहते ते तुला सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नको सांगूस, गाणं त्यानं उणं होत नाही. पण तू कशी आहेस ते सांग. मी टीका करणार नाही. मध्ये बोलणारही नाही.

आईचा आशीर्वाद. दादा पुढच्या आठवड्यात तिकडं येतोय, त्याच्याबरोबर स्वेटर पाठवतेय.

तुझा
बाबा

ता. क. सोबत चौथ्या गाण्याचा कागद पाठवतोय. लाल रेघ आता पुसली जात नाही, म्हणून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खाली टिंबं दिली आहेत. बाकीचे पाच इथंच ठेवलेत, ते न्यायला ये. किल्ली आहे तिथंच आहे.