खोपोलीच्या पार्कात बोरघाट येऊ द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी खोपोलीत राहतो. आमच्या गावाजवळ इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झाले, तेव्हापासून माझ्या घरात एक दोनशे पानी वही आहे. पार्कातल्या राइड्समध्ये काय बदल करता येतील आणि कोणत्या नव्या राइड्स उभारता येतील, याची चित्रे, नकाशे आणि टिपणे मी, माझी मुलगी आणि माझा भाचा अशा तिघांनी त्या वहीत काढून ठेवली आहेत. अशा वह्या आणखीही घरांत असणार, कारण रांगेत उभे असताना पुढच्यामागच्या लोकांशी बोलणे निघाले, की "इथे अमुक असते तर किती मजा आली असती" हे वाक्य हमखास कानावर येते. चाहत्यांच्या या कल्पना पार्क चालवणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याची रीतसर सोय व्हावी आणि त्यांतली पहिली कल्पना आमच्या बोरघाटाची असावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या पिढीला हा नाद गोराईने लावला. १९८९ साली सुरू झालेल्या एस्सेल वर्ल्डला शाळेच्या सहली बोटीतून खाडी ओलांडून जात असत, आणि खरे सांगायचे तर आमची सहल त्या बोटीत पाय ठेवताच सुरू होई. पार्कात पोहोचण्याची वाटसुद्धा पार्काचाच भाग असू शकते, हे मी तिथे शिकलो. ते पार्क करोनानंतर बंद झाले, याची हळहळ माझ्यासारख्या अनेकांना आजही वाटते. खोपोलीच्या पार्काची वाट तर त्याहून मोठी आहे. मुंबईहून येणारा माणूस घाटाच्या तोंडाशी उतरतो आणि पुण्याहून येणारा अख्खा घाट उतरून येतो. असे असूनही आत शिरल्यावर हा घाट कुठेच भेटत नाही. अमेरिका, युरोप, अरबस्तान, आफ्रिका अशी सैर घडते, ती देखणी आहे आणि तिच्यावर घेतलेले कष्टही दिसतात. पण ज्या डोंगराच्या सावलीत हे सगळे उभे आहे, त्या डोंगराची गोष्ट सांगायची राहून गेली आहे.

पार्कात गोल्ड रश एक्स्प्रेस नावाची कोस्टर राइड आहे. अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणींतून सुसाट निघालेली आगगाडी, अशी तिची कल्पना. राइड चांगली आहे, घरातल्या बहुतेकांना झेपणारी आहे, आणि तिचा रूळ बदलण्याचे काहीच कारण नाही. आमचे म्हणणे इतकेच, की रूळ तोच ठेवून तिची कथा बदलावी आणि ती आगगाडी आमच्या घाटातली व्हावी. बोरघाटाच्या रेल्वेमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली घाटातून गाडी धावली. चढ इतका, की काही ठिकाणी सदतीस फूट पुढे गेल्यावर गाडी एक फूट वर चढते. रेल्वेच्या हिशेबात ही चढण फारच खडी. सुमारे पंचवीस बोगदे, खोल दऱ्यांवरचे दगडी पूल, आणि एका टप्प्यावर कामावर असलेले चाळीस हजारांहून अधिक मजूर, असा तो पसारा होता. या कामाचे कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट स्वतःकडे घेऊन काम तडीस नेले. एकोणिसाव्या शतकात एका बाईने सह्याद्री फोडण्याचे कंत्राट निभावले, ही गोष्ट किती मुलींच्या कानावर गेली आहे? माझ्या मुलीच्या चित्रात रांगेच्या वाटेवर अ‍ॅलिसबाईंची कचेरी आहे: मेजावर घाटाचे नकाशे, खुंटीला टांगलेला कंदील आणि खिडकीतून दिसणारा अर्धवट खोदलेला बोगदा.

रांग हा कोणत्याही थीम पार्कातला सर्वांत दुर्लक्षित भाग असतो, आणि चाहते सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवतात. म्हणून आमच्या आराखड्यात रांग म्हणजे कर्जत स्टेशन आहे. फलाट, घंटा, वड्यांचा घमघमाट आणि गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिने. घाट चढण्यापूर्वी बहुतेक गाड्यांना कर्जतला ही इंजिने जोडतात आणि ती जोडली जाताना डब्याला जो हलका हिसका बसतो, तो पुण्या-मुंबईच्या नेहमीच्या प्रवाशाच्या अंगवळणी पडलेला आहे. हातातला चहा हिंदकळतो, कोणीतरी "लागला बँकर" म्हणते आणि गाडी निघते. राइडची सुरुवात नेमक्या त्या हिसक्याने व्हावी. परदेशातल्या कोणत्याही कोस्टरला ही सुरुवात साधणार नाही, कारण तिथल्या प्रेक्षकाला तो हिसका ओळखीचा नाही.

पुढेमागे पैसा उभा राहिला, तर याच कल्पनेची मोठी आवृत्ती नव्या रुळावर करता येईल, आणि वहीतली सर्वाधिक पाने माझ्या भाच्याने तिच्यावरच खर्च केली आहेत. जुन्या मार्गावर खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी डोंगराच्या टोकाशी जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि आलेल्या दिशेच्या उलट दिशेने तीच गाडी पुढचा चढ चढे. १९२९ साली मार्ग बदलेपर्यंत हे चालू होते. थांबून उलट्या दिशेने धावणारे कोस्टर जगात आहेत. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात हिमालयाच्या कथेवर बेतलेला असा एक कोस्टर २००६ पासून चालतो. तिथे कथेसाठी जी घटना रचावी लागली, ती आमच्या घाटात साठ-पासष्ट वर्षे रोज घडत होती. उतरणीसाठीही घाटाने तयार प्रसंग दिलेला आहे. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले, तर ती वर चढत जाणाऱ्या आंधळ्या रुळावर शिरून आपोआप थांबावी, यासाठी घाटात कॅच सायडिंग आहेत; गाडी ठरलेल्या जागी पूर्ण उभी राहिली, तरच मुख्य मार्ग तिला मोकळा होतो. आमच्या राइडमधली गाडी तिथे थांबत नाही. ती सायडिंगवर चढते, क्षणभर टोकाशी लटकते आणि मग पाठमोरी घसरत अंधाऱ्या बोगद्यात शिरते. पोटात गोळा आणणारी ही जागा भाच्याने सहा वेळा खोडून पुन्हा काढली आहे.

या राइडला शेवट हवा तो शिंग्रोबाचा. घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली, अशी आख्यायिका आमच्याकडे सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे. तिथून जाताना एसटीचा वेग कमी होतो, खिडकीतून नाणी पडतात आणि लहान मुलाच्या हातात आई मुद्दाम रुपया देते. राइडमधून उतरल्यावर बाहेरच्या वाटेवर एक लहान, शांत दालन असावे. त्यात ही आख्यायिका असावी आणि पटकीने, तापाने, दरड कोसळून घाटात मेलेल्या हजारो मजुरांची आठवणही असावी. तिथे आवाज नको, भोंगे नकोत, दुकानही नको. जवळच अमृतांजन पुलाची छोटी प्रतिकृती उभी करता आली तर फार बरे होईल. १८३० साली बांधलेला तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला, आणि ज्यांनी तो पाहिलेला नाही अशी मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत.

दुसरी कल्पना माझ्या घराच्या गच्चीवरून सुचली. आमच्या गावाच्या डोक्यावर डोंगरातून उतरणारे टाटांचे मोठाले पाइप आहेत. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतले पाणी या पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते, जनित्रे फिरवते आणि पाताळगंगेला मिळते. १९१५ साली हे वीजघर सुरू झाले आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पार्कात उंचावरून खाली सोडणारी डेअर टू ड्रॉप ही राइड आहेच. तिच्या मनोऱ्याला त्या पाइपांचे रूप द्यावे आणि बसणाऱ्याने पाण्याचा थेंब व्हावे. माणसे खाली येतील तसतसे समोरच्या भिंतीवरच्या गिरणीचे दिवे एकेका मजल्याने उजळत जातील. ही माझ्या मुलीची कल्पना. तिने ती मांडली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. थराराबरोबर वीज कशी तयार होते हे कळण्यासाठी तिथे फलकाचीही गरज पडणार नाही.

राजासॉरसच्या राइडबद्दल थोडेच लिहितो, कारण ती मुळातच आपल्या मातीतली आहे. गुजरातेत सापडलेल्या या डायनासोरचे शास्त्रीय नामकरण २००३ साली झाले. ज्या लाव्हाच्या थरांनी सह्याद्री घडला, ते थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळातले आहेत. पार्क त्याच काळ्या पाषाणावर उभे आहे. रांगेच्या कठड्याशी या पाषाणाचा एक मोठा तुकडा मुलांना हात लावता येईल असा ठेवला, तरी पुष्कळ झाले. आय फॉर इंडिया या उडत्या चित्रपटगृहात तर केवळ नवी चित्रफीत लागेल. पावसाळ्यात सह्याद्रीवरून, फुललेल्या कास पठारावरून, लोणारच्या विवरावरून आणि २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या आपल्या किल्ल्यांवरून उडवून आणणारी ती असावी. मात्र किल्ले केवळ वरूनच दिसावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रायगडाचा किंवा प्रतापगडाचा थरारक कोस्टर कोणी सुचवला, तर आमच्या वहीत त्याला जागा नाही.

एक चित्र मात्र कोणत्याही राइडपेक्षा मला जास्त अस्वस्थ करते. सहकुटुंब आलेल्या घरातली आजी बाकावर बसलेली असते. मांडीवर चार पिशव्या, ओंजळीत सगळ्यांचे मोबाइल आणि चष्मे, पायाशी नातवंडांच्या चपला. तासाभराने घरचे ओरडत-हसत परत येतात, आणि ती विचारते, "झालं का रे?" उंच राइड्स तिच्यासाठी नाहीत, हे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. पण जत्रेत ती एकेकाळी लाकडी पाळण्यात बसलेली आहे. चार पेट्यांचा, माणसाने हाताने फिरवायचा तो पाळणा, शेजारी गाठीशेवेची पाल, तंबूतला सिनेमा, भिंगातून चित्रे दाखवणारी पेटी, असा एक जत्रेचा कोपरा पार्कात करावा. पाळणा आजच्या सुरक्षानियमांत बसणारा आणि सावकाश फिरणारा असावा, आणि त्यात आजी-नातवाने शेजारी बसावे अशी जागा मुद्दाम आखलेली असावी. तिथे नातवाला गोष्ट सांगण्याचा मान आजीचा असेल.

चाहत्यांच्या कल्पना म्हणजे हवेतले मनोरे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो मला पूर्ण मान्य नाही. फ्लोरिडातच स्प्लॅश माउंटन या राइडचा पाण्याचा मार्ग आणि उतार तोच ठेवून कथा बदलावी, अशी मागणी २०२० साली चाहत्यांनी केली. कंपनीने त्याच वर्षी तसा बदल जाहीर केला, त्याची तयारी आधीच सुरू असल्याचेही सांगितले, आणि २०२४ साली ती राइड नव्या कथेसह खुली झाली. फ्रान्समधल्या प्वी दु फू या पार्काचे उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते. १९७८ साली तिथल्या गावकऱ्यांनी आपल्या प्रदेशाचा इतिहास रात्रीच्या एका भव्य प्रयोगातून मांडायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे पार्क उभे राहिले, आणि आजही त्या प्रयोगात हजारो स्थानिक स्वयंसेवक काम करतात. बोरघाटाच्या परिसरात असे स्वयंसेवक मिळणार नाहीत, असे मला वाटत नाही.

अडचण आहे ती हक्कांची. बाहेरून आलेली कल्पना स्वीकारली आणि उद्या कोणी तिच्यावर दावा सांगितला तर काय, या भीतीने जगातली मोठमोठी पार्क न मागितलेल्या सूचना घेतच नाहीत. भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपायही सरळ आहे. वर्षातून एकदा लेखी नियमांसह स्पर्धा जाहीर करावी. कल्पना वापरली गेल्यास मोबदला किती आणि हक्क कोणाचे, हे आधीच स्पष्ट असावे. एक गट शाळकरी मुलांचा, एक कला आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा आणि एक सर्वांसाठी खुला असावा. निवडलेल्या आराखड्यांवर पार्काच्या अभियंत्यांनी मुलांसमोर बसून बोलावे: हा वेग का चालणार नाही, तासाला किती माणसे बसली पाहिजेत, पावसाळ्यात या विजेच्या जोडण्यांचे काय होईल. नापास झालेल्या आराखड्यालाही त्याची कारणे मिळावीत. वापरलेल्या कल्पनेच्या राइडवर, कोपऱ्यात का होईना, ती सुचवणाऱ्याचे नाव कोरले जावे.

पार्काचे व्यवस्थापन २०२२ पासून संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. लोणावळ्याचे वॉटर पार्क आणि शिर्डीचे साईतीर्थ चालवणाऱ्या या मंडळींना इथल्या कुटुंबांची आवड ठाऊक आहे. आपल्या वृत्तपत्राने या स्पर्धेत पुढाकार घेतला आणि पहिल्या फेरीची चित्रे येत्या मे महिन्याच्या सुट्टीत मागवली, तर ती घरोघर पोहोचेल. आमची वही त्या दिवशी तुमच्या कार्यालयात आणून देण्याची जबाबदारी माझी. तिची शेवटची चाळीस पाने कोरी आहेत आणि ती इतर मुलांसाठी ठेवली आहेत.

आपला,
खोपोली येथील एक वाचक