रोपांची गाडी दारात येण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागला की रोपांच्या छोट्या गाड्या गावोगाव फिरू लागतात. सायकस, एक्झोरा, रॉयल पाम, चार रंगांचे कलमी गुलाब, लॉनच्या गुंडाळलेल्या पट्ट्या. लोक हौसेनं घेतात. पुढच्या अक्षय तृतीयेला त्यातलं काय हिरवं उरतं, ते ज्याचं त्याला माहीत. मग कुणी म्हणतं पाणी कमी पडलं, कुणी म्हणतं हात चांगला नाही. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. रोप आधी येतं आणि जागेचा, मातीचा, उन्हाचा विचार मागून. क्रम उलटा करावा, एवढंच सांगण्यासाठी हे पत्र.

आपल्याकडचं, म्हणजे विदर्भातलं, अंगण ही आधी कामाची जागा आहे. तिथे पापड-सांडगे वाळतात, तुरीची पोती उतरतात, उन्हाळ्यात रात्री बाजा पडतात, पोळ्याला बैलजोडी दारात उभी राहते, घरी लग्न निघालं तर मांडव तिथेच. ही जागा खाऊन केलेली बाग वर्षभरात मोडते. म्हणून काही विकत घेण्याआधी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर वाफे आखावेत आणि आठ दिवस त्या रेषा न तुडवता वावरून पाहावं. मोटारसायकल कुठे वळते, पाण्याची बादली कुठून जाते, पोरं कुठून आडवी धावतात, हे रेषाच पुसून दाखवतात. जिथे रोज पुसली जाते तिथे वाफा नको. फाटकापासून दारापर्यंतची वाट ४ फूट ठेवावी, म्हणजे दोन माणसं बरोबर चालतात आणि गाडीही ढकलता येते. ट्रॅक्टर-ट्रॉली आत घ्यायची असेल तर फाटक १० फुटांचं, १२ असेल तर वळण सोपं जातं. वाफे कडेनं. एका बाजूनंच हात पोचत असेल तर ३ फुटांपेक्षा रुंद वाफा करू नये, नाहीतर निंदायला आत पाय ठेवावा लागतो आणि भुसभुशीत केलेली माती पुन्हा दबते.

आता माती. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याकडची काळी कसदार जमीन कापसाला माय आहे, पण अंगणातल्या झाडांना ती दोन्हीकडून मारते. ओली झाली की फुगते, पाणी खाली सोडत नाही. वाळली की आक्रसते, भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळ्या तुटतात. यावर सगळेच सांगतात तो उपाय म्हणजे २ बाय २ बाय २ फुटांचा खड्डा खणा, त्यात रेती, शेणखत, पोयटा (गाळाची माती) भरा. काळ्या जमिनीत नेमकी इथेच चूक होते. घट्ट मातीत हलक्या मातीचा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेलं टोपलं नव्हे, टाकी. आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट नसते. ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली की मुळं कुजतात. पानं पिवळी पडलेली पाहून माणूस आणखी एक बादली ओततो, आणि रोप जातं.

म्हणून फुलझाडांसाठी खाली खणण्याऐवजी वर चढवावं. गादीवाफा ९ इंच ते १ फूट उंच. १४ फूट लांब, ३ फूट रुंद, १ फूट उंच वाफ्याला ४२ घनफूट भरण लागतं. घमेलं अर्ध्या घनफुटाचं धरलं तर ४२ घमेली काळी माती, २१ घमेली जाड रेती किंवा चाळलेला मुरूम आणि २१ घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत. वर ४-५ किलो निंबोळी पेंड. रेती टाकायची तर या प्रमाणातच टाकावी. काळ्या मातीत मूठभर बारीक रेती मिसळली तर ती वाळून विटेसारखी होते. शेणखत अर्धकच्चं असलं की उधई (वाळवी) येते. हातात चोळून वास घ्यावा, शेणाचा वास येत असेल तर ते अजून खत झालेलं नाही. वाफ्याच्या कडेला विटा तिरप्या लावल्या तर दिसतातही छान, फक्त दर ४ फुटांवर बोटभर फट सोडावी. पहिल्या पावसात भरण २-३ इंच बसतंच, तेव्हा वाफा तोंडोतोंड भरला तरी चालतो.

मोठ्या झाडाला खड्डा करावाच लागतो. तो मे महिन्यात खणून पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा आणि भरताना निम्म्याहून जास्त तीच काळी माती वापरावी. भरण सभोवतालच्या जमिनीपेक्षा ४-६ इंच वर, कासवाच्या पाठीसारखं. भंडारा-गोंदियाकडच्या सिहार, बरडी अशा हलक्या जमिनीत हा त्रास कमी. तिथे उलट पाणी थांबत नाही म्हणून शेणखत वाढवावं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारं. तिथे जास्वंद आणि गुलाबाच्या पानांची टोकं जळतात, बोगनवेल आणि कण्हेर मात्र तग धरतात.

काळ्या मातीचा दुसरा धडा घराच्या भिंतीला मिळतो. ओट्याला लागून वाफा आणि त्याला रोज पाणी, हे चित्र गावोगाव दिसतं. पायाच्या एका बाजूची माती सतत ओली, दुसरीकडची कोरडी. एक फुगते, एक आक्रसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. भिंतीपासून ३ फुटांची पट्टी मुरूम दाबून किंवा फरशी टाकून कोरडी ठेवावी आणि तिला बाहेरच्या बाजूला ४ फुटांमागे १ इंच उतार द्यावा. भिंतीजवळ हिरवं हवंच असेल तर कुंड्या आहेत.

गट्टू (फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे) हवेत की नकोत, यावर गावात वाद होतात. वाटेपुरते हवेत. चिखलात घसरून पडण्यापेक्षा ते बरे. पण भिंतीपासून भिंतीपर्यंत गट्टू म्हणजे मे महिन्यात रात्री दहालाही पाय भाजणारं अंगण, शिवाय पावसाचं सगळं पाणी गल्लीत. काळ्या मातीवर सरळ चुरी (दगडाचा बारीक चुरा) टाकून गट्टू बसवले तर एका पावसाळ्यात ते वरखाली होतात. एक फूट माती काढून ६ ते ८ इंच मुरूम थराथरानं, पाणी मारून धुमसायचा, त्यावर २ इंच चुरी, मग गट्टू. हे काम करताना कामगार मुरमाचा थर हमखास कमी करतात, कारण तो झाकला जातो. गट्टू उतरवण्याआधी स्वतः पट्टी लावून थर मोजावा.

ऊन कुठून येतं हे माहीत असलं तर निम्मी बाग आखून झाली. मेच्या उत्तरार्धात आपल्याकडे भर दुपारी सूर्य जवळपास माथ्यावर असतो, तेव्हा झाडाची सावली झाडाखालीच पडते. घर तापवतो तो दुपारी दोननंतरचा पश्चिमेचा सूर्य. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे झुकतो आणि तेव्हा तेच ऊन हवंहवंसं असतं. म्हणून मोठं झाड पश्चिमेला किंवा नैऋत्येला. पूर्व आणि दक्षिण मोकळी. समजा घर पश्चिममुखी आहे, अंगण ३० फूट रुंद आणि २० फूट खोल. नैऋत्य कोपऱ्यात घराच्या भिंतीपासून १५-१६ फुटांवर कडुनिंब. वायव्य कोपऱ्यात पारिजातक. दक्षिणेच्या कुंपणाला लागून वरचा १४ फुटांचा गादीवाफा. मधली साधारण १५ बाय १२ फूट जागा शेणानं सारवलेली, मोकळी. घरालगत ती ३ फुटांची कोरडी पट्टी. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मुंगना (शेवगा) दारात अवश्य असावा, पण ओट्यावर वाकेल असा नाही. त्याची फांदी ठिसूळ, वैशाखातल्या वावधनात, म्हणजे वादळवाऱ्यात, ती मोडते. गुलमोहराचंही तेच. दोन्ही झाडं विजेच्या तारेपासून दूर ठेवावीत.

फुलझाडांत मोह आवरावा. पंधरा जातींचं एकेक रोप म्हणजे बाग नव्हे, रोपवाटिकेचं नमुन्याचं टेबल. एकाच जातीची पाच-सात रोपं एकत्र लावली की रंग डोळ्यात भरतो. पुढे सदाफुली आणि ऑफिसटाइम, मध्ये मोगरा किंवा अबोली, मागे तगर आणि जास्वंद. मोसमाचीही सांगड घालता येते. मोगरा मार्च ते जून, पण त्यासाठी डिसेंबरअखेर पाणी तोडून जानेवारीत छाटणी करावी लागते. पारिजातक पावसाळ्याच्या उतरणीला, शेवंती थंडीत. दसऱ्याला घरचा झेंडू हवा तर जूनअखेर बी टाकून जुलैच्या शेवटापर्यंत रोप लावलेलं असावं. बोगनवेलीला फूल नाही अशी तक्रार असते, तिथे बहुधा पाणी जास्त झालेलं असतं. ओल मिळत राहिली की ती नुसती पाल्यावर जाते. जानेवारीपासून तहानलेली ठेवा, मे महिन्यापर्यंत फुलते. एक्झोरा मात्र चुनखडीच्या जमिनीत घेऊच नये. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, ही लोहाची कमतरता. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून फवारलं की पानं सावरतात, पण ते औषध जन्मभर द्यावं लागतं.

लॉनबद्दल काय बोलावं! जी हरळी वावरातून खणून काढताना जीव जातो, तिचीच नाजूक बहीण आपण विकत आणून दारात लावतो. १० बाय १० फुटांच्या तुकड्याला उन्हाळ्यात रोज किमान ४५-५० लिटर पाणी लागतं. वरच्या गादीवाफ्याला २० लिटर पुरतात, आणि त्यावर सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) ३ इंच पसरलं तर त्याहून कमी. कुटार खोडाला टेकू देऊ नये, चार बोटं दूर.

हे पाणी येणार कुठून? जल जीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर. पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी एकेक बादली धरलं तरी ७५ लिटर होतं, आणि तेवढ्यात वाफा आणि दोन झाडं जगतात. कपड्यांचं सोड्याचं पाणी वाफ्यात नको, त्यानं काळी माती आणखी चिकट होते. ते कर्दळीकडे किंवा केळीकडे वळवावं. कुठेही डबकं राहू देऊ नये, डास तिथेच वाढतात.

ड्रमला नळी जोडून ठिबक करणाऱ्यांसाठी एक हिशेब. चौरस सेंटिमीटरला एक किलो दाबावर ताशी ४ लिटर देणारा ड्रिपर ३ फूट उंचीवरच्या ड्रममधून ताशी सव्वा लिटरही जेमतेम देतो. दाब राखणारे महागडे ड्रिपर तर एवढ्या कमी दाबावर उघडतच नाहीत. त्यापेक्षा साधी बारीक नळी लावावी, किंवा रोपाशेजारी ८-१० लिटरचं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरून वर झाकण ठेवावं.

कुंपणाला अडुळसा उत्तम. फुटाफुटावर काड्या लावल्या तर दाट होतो आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. कण्हेरही चालते, पण ती विषारी आहे. गोठ्याजवळ नको आणि छाटलेल्या फांद्या कडब्यात पडू देऊ नयेत. कोनोकार्पस हे परदेशी झाड कुंपणाला घेऊ नये. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपल्याकडे मात्र तो अजूनही ‘लवकर वाढतो’ म्हणून विकला जातो.

अंगणात लिंबू असेल तर वरूड-मोर्शीचा संत्रा उत्पादक जे करतो तेच करावं. दुहेरी आळं, म्हणजे आतलं आळं कोरडं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात, ते खोडाला लागत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला २-३ फुटांपर्यंत बोर्डो मलम: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात. शेतात डिंक्याची, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाची, एवढी धास्ती घेणारा माणूस दारातल्या लिंबाच्या बुंध्याशी रोज भांड्याचं पाणी ओततो.

तुळशीचंही सांगितलं पाहिजे. सिमेंटचं तयार वृंदावन आणतात, त्याला खाली छिद्रच नसतं. रोज तांब्याभर पाणी पडतं आणि तुळस वर्षाच्या आत काळी पडते. खाली इंचभर भोक, त्यावर ३ इंच गिट्टी, मग माती. मंजिऱ्या खुडत राहाव्यात.

रोप घेताना पिशवीचा तळ दाबून पाहावा. मुळांचं वेटोळं हाताला लागलं तर लावताना ते कापावंच लागतं. पिशवीतली माती बहुधा लाल. काळ्यात लावल्यावर बाहेर ओल दिसते आणि आतला लाल गोळा कोरडाठाक असतो. पहिले पंधरा दिवस पाणी आळ्यात नाही, थेट त्या गोळ्यावर द्यावं. नेमकं कळण्यासाठी एक लांब खिळा गोळ्यात टोचावा. कोरडा निघाला तर पाणी, माती चिकटून आली तर थांबावं.

शेवटी ग्रामपंचायतींना विनंती. ५ जूनला पर्यावरण दिनाची रोपं वाटली जातात तेव्हा आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि पाऊस साधारण मध्य जूनशिवाय येत नाही. पेरणीसाठी आपण ७५ ते १०० मिलिमीटर पावसाची आणि वाफशाची, म्हणजे माती कामाजोगी ओलसर होण्याची, वाट पाहतो. कार्यक्रम ५ तारखेला जरूर करावा, खड्डे त्या दिवशी मोजून दाखवावेत. रोपं मात्र पेरणी आटोपल्यावर द्यावीत. आणि गल्लीत गट्टू टाकताना दोन्ही बाजूंना घरांपुढे किमान २ फूट माती उघडी सोडावी.

आपला,
एक रोपवाटिकाधारक
जि. यवतमाळ