गाडीतल्या फ्रीजमध्ये हात पोचतो का, ते आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ असलेली गाडी) घेऊन कॅम्पिंगला जाणाऱ्यांसाठी गाडीतल्या फ्रीजवर तुमच्या पुरवणीत लेख आला होता, तो आमच्याकडे सगळ्यांनी वाचला. लिटर किती, अँपिअर किती, बॅटरी किती तास पुरते, सगळं व्यवस्थित दिलं होतं. पण त्या फ्रीजमध्ये हात कसा घालायचा हे कुठेच नव्हतं, आणि आम्हाला दोन वर्षं नेमकं तेच नडलं. हसू नका, खरंच सांगतोय.

झालं असं की डिकीत आधी ड्रॉवर बनवून घेतले, २५ सेंटिमीटर उंचीचे, त्याच्यावर स्लाइड (फ्रीज डिकीतून बाहेर ओढता येईल अशी सरकती चौकट) आणि स्लाइडवर ४० लिटरचा वरून उघडणारा फ्रीज. दिसायला एकदम झकास, मित्रांनी फोटो पण मागवले. पहिल्याच ट्रिपला बायकोने स्लाइड बाहेर ओढली आणि नुसती बघत उभी राहिली. तिची उंची १४८ सेंटिमीटर. मग मी टेप काढली (जी खरं तर ड्रॉवर बनवायच्या आधी काढायची असते). डिकीचा तळ जमिनीपासून ७८, ड्रॉवर २५, स्लाइड ६, फ्रीज ४७. बेरीज १५६! म्हणजे फ्रीजची कड तिच्या डोक्याच्याही वर. मग ती एक पाय बंपरवर ठेवून, एका हाताने फ्रीजचं हँडल धरून, दुसऱ्या हाताने आत चाचपडायची आणि "तळाला काय आहे रे?" असं मला विचारायची, जसं काही मला दिसतच होतं. सस्पेन्शन लिफ्ट करून, म्हणजे गाडी उंच करून घेऊन, मोठे टायर टाकले की हा आकडा अजून वाढतो, आणि अशा गाड्यांना हौसेने हेच तर केलेलं असतं.

शेवटी आम्ही एका बाजूचा ड्रॉवर काढूनच टाकला. फ्रीजची स्लाइड थेट डिकीच्या तळाला बोल्ट केली आणि ड्रॉवर फक्त शेजारच्या बाजूला ठेवला. २५ सेंटिमीटर तिथेच वाचले, कड १३१ वर आली. खाली २० सेंटिमीटरची घडीची पायरी ठेवली की तिला ती १११ वर पडते, म्हणजे आत वाकून तळ दिसतो. पायरीचे पाय वाळूत रुततात म्हणून खाली प्लायचा तुकडा टाकतो. एवढाच खर्च. आधी सुचलं असतं तर अर्धे ड्रॉवर बनवायचे पैसे वाचले असते, असो.

ड्रॉप स्लाइड नावाचा प्रकार पण मिळतो. फ्रीज बाहेर ओढला की तो खाली उतरतो, साधारण २५-३० सेंटिमीटर, गॅसचे रॉड किंवा स्प्रिंग त्याचा भार घेतात. मित्राच्या गाडीत आहे, वापरून बघितला, हाताला अगदी हलका लागतो. पण त्या स्लाइडचंच वजन भरपूर असतं आणि ती गाडीच्या मागे बरीच बाहेर येते. पाठ झाडाला किंवा खडकाला लावून गाडी उभी केलीत, किंवा मागे ट्रेलर तिरका उभा असला, तर ती उघडणारच नाही. शिवाय फ्रीज भरलेला असताना किती वजन पेलते ते बघूनच घ्या. ४० लिटरचा रिकामा फ्रीज २० किलोच्या आसपास असतो आणि सामान भरलं की ४० ला टेकतो.

काही जण मागच्या सीटचा एक भाग काढून फ्रीज आडवा ठेवतात आणि बाजूच्या दारातून स्लाइड ओढतात. पोचायला हे सोपं, कारण तिथला तळ बहुतेक गाड्यांमध्ये डिकीपेक्षा खाली असतो, आणि वजनही पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे येतं. फक्त सीट काढलेली नियमात आणि इन्शुरन्समध्ये चालते का ते आधी विचारून घ्या. समोरून उघडणारा फ्रीज घ्यावा असंही कोणी सुचवेल, पण थंड हवा जड असते, दार उघडलं की ती खाली सांडून जाते, वरून उघडणाऱ्यात ती तिथेच बसून राहते. झाकण उंचावर असतं ते या फायद्याची किंमत म्हणून, असं मी तरी समजतो.

स्लाइड घेताना लॉक नीट तपासा. आमची पहिली स्लाइड फक्त आत बंद असतानाच लॉक व्हायची. एकदा गाडी उतारावर मागची बाजू खाली करून उभी होती, मी लॅच सोडला आणि ४० किलोचा फ्रीज थेट माझ्या बरगडीत. आठवडाभर हसताना दुखत होतं. गाडीचं तोंड खाली असेल तर उलटं होतं, हात आत असताना फ्रीज परत आत सरकतो आणि बोटं चेमटतात. त्यामुळे पूर्ण बाहेर आल्यावर पण लॉक बसलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

आणि स्लाइड नुसती प्लायला स्क्रू मारून बसवू नका. अपघातात २० जीचा, म्हणजे वस्तूच्या वजनाच्या वीसपट, झटका बसला तर ४० किलोचा फ्रीज ८०० किलोच्या वजनासारखा ओढ घेतो, आणि तो येतो कुठे तर मागच्या सीटवर बसलेल्यांच्या मानेवर. गाडीच्या बॉडीपर्यंत जाणारे बोल्ट आणि खाली मोठे वॉशर हवेत. स्लाइडवरचा फ्रीज पण पट्ट्यांनी आवळलेला हवा.

वायरचं पण सांगतो कारण ते कोणी सांगत नाही. स्लाइड पुढे-मागे होते म्हणजे वायरला पण तेवढी ढील लागते, आणि ती ढील मोकळी लोंबत सोडली की स्लाइडच्या पट्टीत सापडते. आमची सापडली, सोलली, रात्रीत फ्यूज उडाला आणि सकाळी फ्रीज कोमट. नशिबाने फ्यूज बॅटरीजवळच होता, नाहीतर फ्यूजवर भागलं नसतं. आता जाळीच्या नळीत वायर घालून मागच्या बाजूने घडी पडेल अशी बसवलीय. लायटरच्या सॉकेटवर पण फार भरवसा ठेवू नका, खडबडीत रस्त्यावर तो प्लग हलून सैल होतो. फ्रीज घट्ट बसावा म्हणून चारही बाजूंनी प्लाय ठोकणारे पण बघितलेत, कंप्रेसरच्या जाळीसमोर जागा सोडली नाही तर गरम हवा तिथेच कोंडते, कंप्रेसर बंदच होत नाही आणि बॅटरी बसते.

हात पोचायला लागला तरी आत काय कुठे ठेवलंय हा प्रश्न उरतोच. वडील इन्सुलिन घेतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. एकदा ते तळाशी, भिंतीला चिकटून गोठलं होतं. तेव्हापासून ते वरच्या टोपलीत एका डब्यात असतं, झाकण उघडलं की पहिलं तेच हाताला लागतं. बाकी तळाला उद्या-परवाचं आणि वर आजचं, म्हणजे झाकण जास्त वेळ उघडं राहत नाही. स्लाइडच्या पट्टीला ग्रीस लावू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो, कोरडं वंगण मिळतं ते लावा.

तर संपादकसाहेब, पुढच्या वेळी फ्रीजचा तक्ता छापाल तेव्हा लिटर आणि अँपिअरच्या शेजारी अजून दोन रकाने घाला: फ्रीजची स्वतःची उंची आणि झाकण पूर्ण उघडल्यावरची उंची. आणि फ्रीज घ्यायच्या आधी तेवढ्याच मापाचं रिकामं खोकं डिकीत ठेवून घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला त्यातून बाटली काढायला लावा असंही छापा, आमच्याकडे हे काम कोणाला लागेल ते वर आलंच आहे.

आपला,
एक नियमित वाचक